टचस्क्रीनवर डेस्कटॉप चालवायचा तर ऑपरेटिंग सिस्टिमला काय काय यावं लागतं

फाइल मॅनेजर उघडून एका फाइलीचं नाव बदलायचं आणि ती दुसऱ्या फोल्डरात टाकायची, हे माउसने काही सेकंदांचं काम. आता कीबोर्ड काढून ठेवा आणि हेच बोटाने करून बघा. नाव बदलायचा पर्याय राइट क्लिकच्या मेनूत आहे आणि मेनू उघडेना. उघडला तर ओळी इतक्या चिकटून की ‘रीनेम’ दाबायला जावं आणि ‘डिलीट’ दाबलं जावं. नाव लिहायला पडद्यावर कीबोर्ड यायला हवा, तो येत नाही. आला तर नेमका त्या फाइलीवरच येऊन बसतो. शेवटी फाइल ओढायला जावं तर फाइल जागच्या जागी आणि यादीच वरखाली सरकते.

चारही अडचणी एकाच कामातल्या, पण प्रत्येकीचं मूळ वेगळ्या थरात आहे: एक इनपुटच्या हाताळणीत, एक मापांत, एक कीबोर्डच्या यंत्रणेत, एक खुणा ओळखण्यात. म्हणूनच आयकॉन मोठे केले की डेस्कटॉप ‘टच-फ्रेंडली’ झाला, हा दावा टिकत नाही. खरी कसोटी अशी की मशीन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत एकही काम बोटावर अडता कामा नये. आणि माउस जोडला की त्याच डेस्कटॉपने माउसवाल्याच्याही वाटेत येऊ नये.

बोट म्हणजे जाड माउस नव्हे

माउसचा कर्सर कायम पडद्यावर कुठेतरी असतो. तो एकच असतो, त्याचं टोक एका पिक्सेलचं असतं आणि न दाबताही तो एखाद्या गोष्टीवर नुसता थांबू शकतो. बोटाचं तसं नाही. ते टेकतं तेव्हाच असतं, उचललं की नाहीसं होतं. एका वेळी दहा असू शकतात. ज्याला हात लावायचा तीच गोष्ट ते झाकून टाकतं. ‘नुसतं थांबणं’ तर बोटाला शक्यच नाही. त्यामुळे कर्सर नेल्यावर उघडणारे उपमेनू, दिसणाऱ्या टूलटिप्स, उगवणारी ‘बंद करा’ची फुली, हे सगळं बोटवाल्यासाठी अस्तित्वातच नसतं. चांगल्या सिस्टिममध्ये अशा प्रत्येक गोष्टीला दुसरी वाट असते: उपमेनू टॅपने उघडतो, फुली कायम दिसते.

आतमध्ये फरक असा. माउसकडून ‘इतका हलला, हे बटण दाबलं’ असे संदेश येतात. टचस्क्रीनकडून प्रत्येक बोटाला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाने ‘टेकलं’, ‘हललं’, ‘उचललं’ असे संदेश येत राहतात. बोट ज्या खिडकीत टेकलं, त्याचे पुढचे सगळे संदेश त्याच खिडकीला जातात, मग ते सरकत बाहेर गेलं तरी.

यात एक चौथा संदेश असतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही: ‘रद्द’. समजा तुम्ही पडद्याच्या कडेवरून आत बोट सरकवलं. पहिले काही मिलिमीटर ते बोट ॲपचं वाटतं आणि ॲपमधलं एखादं बटण दाबलेलंही दिसतं. मग सिस्टिमच्या लक्षात येतं की ही तर कडेची खूण आहे. ती बोट स्वतःकडे घेते आणि ॲपला ‘रद्द’ कळवते. ॲप लिहिणाऱ्याने हा संदेश हाताळला नसेल तर बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकतं किंवा चित्रकलेच्या ॲपमध्ये कडेला एक नको असलेली रेघ राहते. ‘कधीकधी बटण अडकतं’ ही तक्रार आली की आधी इथे बघावं.

जुन्या ॲप्सना स्पर्शाचे संदेश कळतच नाहीत. त्यांच्यासाठी सिस्टिम बोटाचं सोंग माउसचं करते: टेकणं म्हणजे डावं बटण दाबणं, सरकवणं म्हणजे दाबून ओढणं. म्हणूनच काही ब्राउझरमध्ये पान सरकवायला बोट फिरवलं की मजकूर निळा होत जातो. हार्डवेअर ठणठणीत असतं. त्या ॲपला फक्त सोंगातला माउस दिसत असतो.

मापं: पिक्सेल विसरा, मिलिमीटर धरा

ॲपलच्या मार्गदर्शक तत्त्वांत बटणाचा स्पर्शयोग्य भाग किमान ४४ × ४४ पॉइंट (ॲपलचं मापाचं एकक) सांगितला आहे, अँड्रॉइडच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८ × ४८ डीपी. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या मानकात एए या मधल्या पातळीला किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल (काही अपवाद सोडून) आणि एएए या सर्वांत कडक पातळीला ४४ × ४४ अशी अट आहे. एक डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग, त्यामुळे ४८ डीपी म्हणजे साधारण ७.६ मिलिमीटर. व्यवहारात ७ मिमी ही खालची मर्यादा धरावी. चुकून दाबलं तर नुकसान होईल अशा बटणाला, म्हणजे बंद करा, पुसून टाका यांना, ९ मिमी किंवा जास्त.

आता गंमत बघा. २४ पिक्सेलचं एक बटण घ्या, स्केलिंग (पडद्यावरच्या गोष्टी किती पट मोठ्या दाखवायच्या ते) १०० टक्के. २४ इंची, १९२० × १०८० च्या मॉनिटरवर ते सुमारे ६.६ मिमीचं दिसतं. १४ इंची लॅपटॉपवर, तेवढ्याच रेझोल्यूशनला, ३.९ मिमी. आणि १०.१ इंची, १९२० × १२०० च्या टॅब्लेटवर फक्त २.७ मिमी. बटण तेच, पण शेवटच्या पडद्यावर ते बोटाच्या टोकाखाली पूर्ण झाकलं जातं. हिशोब सोपा आहे: पिक्सेल भागिले पडद्याची प्रति इंच पिक्सेल-संख्या, गुणिले २५.४. टॅब्लेटवर स्केलिंग २०० टक्के केलं तरी हे बटण ५.४ मिमीपर्यंतच जातं. म्हणजे नुसतं स्केलिंग पुरत नाही, बटणाचं मूळ माप किंवा भोवतीची मोकळी जागाही वाढावी लागते.

दिसणारं बटण मोठं असायलाच हवं असं मात्र नाही. १६ पिक्सेलची फुली तशीच ठेवून तिच्याभोवतीचा न दिसणारा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ शकतो. खिडकीच्या कडा अशाच असतात: दिसायला एक पिक्सेलची रेघ, पण पकडायला तिच्या बाहेरची पट्टीही चालते. ही पट्टी माउससाठी बेतलेली असेल तर बोटाने खिडकीचा आकार बदलणं जवळपास अशक्य होतं. त्यापेक्षा खिडकी अर्ध्या पडद्याला चिकटवण्याची सोय आणि मधला जाड दांडा सरकवून वाटणी बदलणं बोटाला जास्त मानवतं.

माउसच्या जगात पडद्याच्या कडा आणि कोपरे सगळ्यात सोप्या जागा, कारण कर्सर तिथे आपोआप अडतो. बोट कुठे अडत नाही. उलट कडेला फ्रेम किंवा कव्हरची उंच किनार असेल तर बोट नीट टेकतच नाही. कोपऱ्यात बारीक बटणं ठेवणारा डेस्कटॉप माउसवर सुसाट आणि बोटावर रडका, असं होतं ते यामुळे.

आणखी एक बारकावा. बोट टेकताना आपल्याला वाटतं आपण नखाच्या जवळ दाबलं. सेन्सरला दिसतो तो स्पर्शाच्या डागाचा मध्य, जो आपल्या अंदाजापेक्षा थोडा खाली असतो. म्हणून काही सिस्टिम्स स्पर्शबिंदू किंचित वर धरतात किंवा जवळच्या दाबता येण्याजोग्या गोष्टीकडे ओढून घेतात. हे चांगलं जमलं तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

टॅप, धरणं, ओढणं: कोण जिंकणार?

बोट टेकलं त्या क्षणी सिस्टिमला ठाऊक नसतं की हा टॅप आहे, यादी सरकवणं आहे, राइट क्लिक हवंय की फाइल ओढायची आहे. निर्णय अंतर आणि वेळ यांवर होतो. अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपीपेक्षा कमी हललं तर ते हललंच नाही असं मानतात, कारण स्थिर ठेवलेलं बोटही थोडं थरथरतं. साधारण अर्धा सेकंद न हलता धरलं की राइट क्लिक. त्याआधी हललं तर सरकवणं.

मग फाइल ओढायची कशी? रूढ उत्तर: दाबून धरा, फाइल उचलल्यासारखी दिसली की हलवा. न हलवता सोडलं तर मेनू. क्रम महत्त्वाचा आहे. मेनू बोट सोडल्यावर न उघडता धरल्याबरोबर उघडला तर ओढायला संधीच उरत नाही. धरण्याची मर्यादा फार कमी ठेवली तर यादी वाचताना टेकलेल्या बोटाने मेनू उघडत बसतात. फार जास्त ठेवली तर प्रत्येक राइट क्लिकला माणूस ताटकळतो. ही वेळ सेटिंगमधून बदलता येणं मी अत्यावश्यक मानतो, विशेषतः ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी.

मजकूर निवडण्यासाठी दोन्ही टोकांना पकडायच्या मुठी हव्यात, त्याही मजकुराच्या खाली, म्हणजे बोटाने अक्षरं झाकली जाणार नाहीत. सरकवताना यादी बोट सुटल्यावरही वेगाने थोडी पुढे जाऊन मंदावली पाहिजे, नाहीतर हजार फाइलींच्या फोल्डरात बोट झिजेल.

पडदा बोटाच्या मागे किती रेंगाळतो हेही इथेच येतं. माउसचा हात आणि कर्सर वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे उशीर सहसा कळत नाही. बोटाखाली तो उघडा पडतो. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरत असेल आणि पडदा १०० मिलिसेकंद उशिरा हलला, तर ओढलेली वस्तू २ सेंटिमीटर मागे राहते. २० मिलिसेकंदांना ४ मिमी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १ मिलिसेकंद उशीर असलेला प्रायोगिक पडदा दाखवला होता. त्यावर वस्तू बोटाला चिकटल्यासारखी फिरते. स्पर्शासाठी रॅम जास्त लागत नाही, पण अडखळणारं मशीन माउसपेक्षा बोटाखाली कितीतरी जास्त खुपतं.

कीबोर्ड: इथे बहुतेक डेस्कटॉप हरतात

पडद्यावरचा कीबोर्ड म्हणजे निव्वळ एक ॲप, असा समज असतो. प्रत्यक्षात त्याला सिस्टिमच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचावं लागतं.

पहिली गोष्ट, तो कधी वर यायचा हे ॲपने सांगावं लागतं: ‘आत्ता लिहायच्या चौकटीत आहे’. नव्या ॲप्स हे सांगतात, जुन्या सांगत नाहीत. त्यामुळे कीबोर्ड हाताने बोलावण्याची सोय हवीच. विंडोजमध्ये त्यासाठी टास्कबारवर चिन्ह ठेवता येतं. लिनक्सवरच्या जीनोम या डेस्कटॉपमध्ये खालच्या कडेवरून बोट वर सरकवतात. दुसरी, कीबोर्डवरची कळ दाबली तरी लिहायच्या खिडकीवरचा फोकस (टाइप केलेलं कुठे जायचं ते) हलता कामा नये, नाहीतर अक्षरं कुठेच उमटत नाहीत. तिसरी, आडव्या टॅब्लेटवर कीबोर्ड निम्म्याच्या आसपास उंची खातो. तेव्हा उरलेल्या भागात खिडकी आकसली पाहिजे किंवा लिहायची चौकट वर सरकली पाहिजे.

कळांचा संचही बघावा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) वापरायचं असेल तर कंट्रोल, अल्ट, एस्केप, टॅब आणि बाणांच्या कळा लागतात. फोनसारख्या कीबोर्डवर त्या नसतात. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट या कळरचनेत निम्मी अक्षरं शिफ्टच्या थरावर असतात, ‘क’च्याच कळेवर ‘ख’. म्हणून शिफ्ट दाबलं की कळांवरची अक्षरं बदललेली दिसली पाहिजेत आणि एक अक्षर उमटलं की ते आपोआप सुटलं पाहिजे. पासवर्डच्या चौकटीत लिपी रोमनवर गेली का, हेही तपासावं. तिथे ठिपकेच दिसत असल्याने चूक कळत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा लॉगिनच्या आधी असतो. लॉगिनचा पडदा हा वेगळा प्रोग्रॅम असतो. डेस्कटॉपवर छान चालणारा कीबोर्ड तिथे असेलच असं नाही. केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपसोबत बहुधा येणाऱ्या एसडीडीएम या लॉगिन प्रोग्रॅममध्ये तो वेगळा सुरू करावा लागतो. त्याच्याही आधीची पायरी डिस्क एन्क्रिप्शनची. लिनक्सवर लक्स या एन्क्रिप्शनच्या यंत्रणेने डिस्क कुलूपबंद केली असेल तर पासवर्ड डेस्कटॉप सुरू होण्यापूर्वी विचारला जातो आणि तिथे सहसा पडद्यावरचा कीबोर्ड नसतो. टॅब्लेट घेऊन बाहेर पडल्यावर रीस्टार्ट झाला की यूएसबी कीबोर्ड मिळेपर्यंत खेळ खलास. उपाय: टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपकडून डिस्क आपोआप उघडेल अशी रचना करणं, किंवा एन्क्रिप्शन करण्याआधीच या पायरीची चाचणी घेणं.

रूप बदलायचं, पण कोणाच्या सांगण्यावरून?

विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये आलं. त्याचा पूर्ण पडदाभर टाइल्सचा स्टार्ट स्क्रीन बोटासाठी बेतलेला होता, पण तो माउसवाल्यांवरही लादला गेला. स्टार्ट बटण गायब झालं. दुसरीकडे टॅब्लेटवाल्याला अनेक सेटिंग्जसाठी जुन्या कंट्रोल पॅनेलच्या बारीक जगात उतरावं लागे. दोघेही नाराज. वर्षभराने ८.१ मध्ये स्टार्ट बटण परत आलं. २०१५ च्या विंडोज १० मध्ये वेगळा ‘टॅब्लेट मोड’ दिला, तर २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तो काढून कीबोर्ड वेगळा केला की जागा आपोआप सैल होतील अशी व्यवस्था केली.

योग्य दिशा शेवटचीच आहे. त्याहून बरी पद्धत म्हणजे प्रत्येक कृतीमागचं साधन बघणं: तोच मेनू माउसने उघडला तर दाट, बोटाने उघडला तर सैल. यात मशीनच्या अवस्थेचा अंदाज बांधावा लागत नाही.

अंदाज चुकतो तो असा. घडी घालता येणाऱ्या लॅपटॉपमध्ये बिजागराचा स्विच किंवा झाकणात आणि तळात मिळून दोन ॲक्सिलरोमीटर (कल ओळखणारे सेन्सर) असतात; त्यांवरून फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) सिस्टिमला ‘टॅब्लेट झाला’ असं कळवतं. मग मागे गेलेला खरा कीबोर्ड बंद होतो, नाहीतर हातात धरताना कळा दाबल्या जातील. फर्मवेअरने चुकीचं कळवलं तर उघडलेल्या लॅपटॉपचाही कीबोर्ड मेल्यासारखा होतो. म्हणून ‘आपोआप, नेहमी, कधीच नाही’ असा हाताने निवडायचा पर्याय हवा. प्लाझ्माच्या सेटिंगमध्ये टच मोडसाठी नेमका तोच आहे.

पडदा फिरला की चित्राबरोबर स्पर्शाचे अक्षही फिरले पाहिजेत. चित्र ९० अंशांत फिरलं आणि स्पर्श जुन्याच दिशेला राहिला, तर बोट वर नेलं की वस्तू बाजूला जाते. दुसरा मॉनिटर जोडल्यावरचा दोष याचाच भाऊ: लिनक्सच्या एक्स११ या पडदा हाताळणाऱ्या जुन्या यंत्रणेवर स्पर्शाचं क्षेत्र दोन्ही पडद्यांवर मिळून ताणलं जातं आणि लॅपटॉपच्या मध्यावर टेकलेलं बोट दोन पडद्यांच्या शिवणीवर उमटतं. तिथे टचस्क्रीन त्या एका पडद्याला बांधावी लागते. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, टॅब्लेट पीसी सेटिंग्ज, सेटअप असं जावं; सूचना ज्या पडद्यावर दिसेल तो टचचा असेल तर त्यावर टॅप करावं, नसेल तर एंटर दाबून पुढच्यावर जावं.

लिनक्सवर सर्वसाधारणपणे एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँड या यंत्रणेचं सत्र निवडावं. एक्स११ ला बहुस्पर्शाची सोय २०१२ मध्ये मागाहून जोडली गेली. वेलँडच्या मूळ रचनेतच ती आहे. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ च्या १२१ आवृत्तीपासून वेलँड सत्रात थेट वेलँडवर चालतो, त्यामुळे चिमटीने झूम आणि बोटाने सरकवणं सरळ होतं.

हार्डवेअर आणि तपासणी

पडदा कपॅसिटिव्ह (बोटाचा विद्युत परिणाम ओळखणारा) घ्यावा, किमान ५ स्पर्श एकाच वेळी ओळखणारा (आता १० सर्रास मिळतात). पेन वापरणार असाल तर ते पडद्याच्याच प्रोटोकॉलचं हवं. वॅकॉमचं ईएमआर, मायक्रोसॉफ्टचं एमपीपी आणि यूएसआय हे पेनचे प्रोटोकॉल एकमेकांत चालत नाहीत. पेन जवळ आलं की सिस्टिमने तळहाताचे स्पर्श सोडून दिले पाहिजेत. चार्जर लावल्यावरच भुताचे टॅप उमटत असतील तर सिस्टिमला दोष देण्याआधी दुसरा चार्जर लावून बघा. निकृष्ट चार्जरचा विद्युत गोंगाट सेन्सरला बोटासारखा भासतो. स्वस्त टॅब्लेटमध्ये सिलीड कंपनीची टच चिप असेल तर लिनक्सला त्या मॉडेलचं नेमकं फर्मवेअर लागतं. ते नसेल तर स्पर्श चालत नाही, दुसऱ्या मॉडेलचं असेल तर अक्ष उलटे येतात.

लिनक्स बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. बऱ्याच टॅब्लेटवर आवाज कमी करण्याची कळ धरून पॉवर दाबलं की यूएसबीवरून सुरुवात होते. २०१३-१४ च्या काही इंटेल बे ट्रेल टॅब्लेटमध्ये प्रोसेसर ६४-बिट पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) ३२-बिट असतं. त्यांना ३२-बिट ईएफआय बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) असलेली इमेज, म्हणजे पेन ड्राइव्हवर उतरवायची लिनक्सची फाइल, लागते, नाहीतर पेन ड्राइव्ह दिसतच नाही.

डेस्कटॉप आला की यूएसबी कीबोर्ड काढा आणि बोटानेच वायफायचा पासवर्ड टाका. चित्रकलेचं ॲप उघडून कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या रेघा हळू ओढा. रेघ पायऱ्यांसारखी आली किंवा तुटली तर सेन्सर किंवा ड्रायव्हरची गडबड. पडदा चारही दिशांना फिरवून प्रत्येक वेळी चारही कोपऱ्यांवर टॅप करा. फाइलीचं नाव बदला, ती ओढा. पासवर्ड लावून पडदा लॉक करा आणि उघडा. मग मशीन झोपवा, काही मिनिटांनी जागं करा, असं चार-पाच वेळा. झोपेतून उठल्यावर टच मेलेला असणं हा आयटूसी या चिपांच्या जोडणीवर असलेल्या टच कंट्रोलरचा नेहमीचा आजार आहे. ड्रायव्हर काढून परत लोड केल्यावर तो जिवंत होत असेल तर तेवढ्या दोन आज्ञा जागं होतानाच्या स्क्रिप्टमध्ये घालून भागतं. रीस्टार्टशिवाय येतच नसेल तर नव्या कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) इमेज घेऊन हीच चाचणी पुन्हा करा, आणि ती पार पडेपर्यंत डिस्कवर काही बसवू नका.